रायफल विलायती, भाव देशी

एका टेबलावर दोन रायफली ठेवल्या आहेत असे समजा. पहिली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची. शंभर वर्षांपूर्वीची, शेजारी शेजारी दोन नळ्यांची, अक्रोडाच्या दस्त्याची, पोलादावर बारीक वेलबुट्टी कोरलेली. दुसरी पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोरची. साधी, एकनळी, दस्त्याचे पॉलिशही बेताचेच. लंडनच्या लिलावात पहिलीवर हजारो पौंडांची बोली लागेल आणि दुसरीकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. हेच टेबल झाशीच्या सदर बाजारात मांडले तर पहिली हातात घेऊन लोक वाहवा करतील, नळीतून उजेडाकडे पाहतील आणि परत ठेवतील. भाव विचारतील तो दुसरीचा.

हा उलटा न्याय गिऱ्हाइकाच्या अडाणीपणामुळे होत नाही. शिकारीच्या जुन्या रायफलीची किंमत जगभर तीन गोष्टींवर ठरते: ती कोणी बनवली, आज कोणत्या अवस्थेत आहे आणि पूर्वी कोणाच्या हातात होती. आपल्याकडे त्यात चौथी गोष्ट येते आणि ती पहिल्या तिन्हींवर मात करते. ही रायफल कायद्याने कोण बाळगू शकतो, आणि तिचे काडतूस मिळते का?

गाव शिंद्यांचे, छावणी इंग्रजांची

झाशीत जुनी हत्यारे एवढी कुठून आली, हे समजायला थोडा इतिहास लागतो. १७४२ च्या सुमारास नारो शंकरांनी मराठ्यांच्या वतीने इथे बस्तान बसवले, किल्ला वाढवला, दक्षिणेतली माणसे आणून वसवली. पुढे नेवाळकर आले. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले. त्या दिवसांचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यानंतरचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकले आणि स्वतःची छावणी व दिवाणी वस्ती बाजूला ठेवली. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून त्या बदल्यात त्यांनी शहर पुन्हा घेतले. म्हणजे पंचवीस वर्षे गाव मराठी दरबाराचे आणि शेजारची छावणी गोऱ्या पलटणींची, अशी स्थिती होती. सदर बाजार हा त्या छावणीचा बाजार.

छावणी म्हटली की अधिकारी आले आणि अधिकारी म्हटले की रजेतली शिकार आली. दक्षिणेला ललितपूरचे जंगल होते. पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर शिवपुरी, म्हणजे शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि राखीव शिकारखाना. तेच आजचे माधव राष्ट्रीय उद्यान. अधिकाऱ्यांच्या रायफली लंडन-बर्मिंगहॅमहून थेट येत किंवा हिंदुस्थानातल्या पेढ्यांकडून घेतल्या जात. कलकत्त्याला मँटन, रॉडा, लायन अँड लायन होत्या. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. १९४७ मध्ये साहेब निघाले तेव्हा अवजड सामान इथेच विकून गेले. रायफली जहागीरदारांकडे, वकिलांकडे, ठेकेदारांकडे, गावातल्या बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांची शस्त्रागारेही हलकी होऊ लागली. त्यातला चांगला माल परदेशी संग्राहकांनी उचलला. जो उरला तो कपाटांत, पेट्यांत आणि पोलीस ठाण्यांच्या मालखान्यांत.

कायद्याने घडवलेले बोर

आपल्याकडच्या जुन्या रायफली पाहताना एक गोष्ट हमखास खटकते. त्यांची मापे विचित्र असतात. .३१५, .४६५, .४७०, .४७६ हे आकडे कारागिरांच्या लहरीने पडलेले नाहीत. ते हिंदुस्थान सरकारच्या भीतीतून पडले आहेत.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना मोकळीक राहिली. सरकारची दुसरी चिंता काडतुसांची होती. हत्यार लपवून ठेवता येते, पण सरकारी काडतुसे चोरून त्यात घालता आली तर खरी पंचाईत. सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली टोळीवाल्यांच्या हातात होत्या आणि त्यांची गोळी .४५० मापाची. शिकाऱ्यांच्या .४५० रायफलींची काडतुसे फोडून गोळ्या तिकडे वापरता येतील म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात या मापावर बंदी आली. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी .४५० हेच तेव्हाचे आवडते माप होते आणि हिंदुस्थान ही इंग्रज कारागिरांची मोठी बाजारपेठ. त्यांनी बंदीला बगल देत जवळजवळ तशीच नवी मापे काढली. हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६, शिवाय .४७०. यातले .४७० आजही आफ्रिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीचे मानाचे काडतूस आहे. त्याचा जन्म कलकत्त्याच्या सचिवालयातल्या एका हुकुमातून झाला, हे तिथल्या फार थोड्या शिकाऱ्यांना माहीत असेल.

.३१५ चेही तसेच. लष्कराचे माप .३०३, ते नागरिकांना बंद. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने लष्करी ली-एनफिल्डचाच सांगाडा घेऊन त्याला ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाची, म्हणजे ८ मिलिमीटर मापाची नळी बसवली. इंचात सांगायचे तर .३१५. सरकारी .३०३ काडतूस त्यात चालत नाही आणि सरकारचा हेतू साधतो. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने हीच रायफल बनवायला घेतली आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने तिचे काडतूस. १८६९ पासूनचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’.

टेबलावरच्या दुसऱ्या रायफलीला भाव येतो तो या खडकीच्या काडतुसामुळे. उत्तर प्रदेशात पकडले जाणारे बेकायदा गावठी कट्टेही बहुतेक .३१५ किंवा बारा बोरचेच असतात, कारण जे काडतूस मिळते त्यासाठीच नळी बनवली जाते. कायदेशीर आणि बेकायदा, दोन्ही बाजारांत काडतूस हाच राजा आहे.

रायफल वाचायची कशी

आता आपल्या घरातल्या पेटीकडे येऊ. समजा आजोबांची एक दुनाळी रायफल आहे, परवाना चालू आहे आणि तिची खरी योग्यता कळायला हवी. जाणकार माणूस आधी हत्यार रिकामे असल्याची खात्री करतो. मग नाव वाचतो, पण त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही.

नळीवर ‘मँटन, कलकत्ता’ असे कोरलेले असले तरी ती मँटनने घडवली असेल असे नाही. कलकत्त्याच्या पेढ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून माल मागवत आणि त्यावर स्वतःचे नाव घालत. खरा कारागीर नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर लपलेला असतो. तिथे ठाशांची रांग दिसते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विकण्याआधी जादा दाबाची दारू उडवून तपासावी लागे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ चे. १९०४ नंतर धूरविरहित दारूसाठी तपासलेल्या नळीवर ‘एनपी’ अक्षरे येऊ लागली. वर मुकुट असेल तर बर्मिंगहॅम आणि वाकडी तलवार धरलेला हात असेल तर लंडन. अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ असेल तर नळी बेल्जियममधल्या लिएजची. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा ठसा असेल तर माल परदेशी, तपासणी फक्त इंग्लंडची.

तिथेच काडतुसाचे वजन कोरलेले असते, इतके ग्रेन कॉर्डाइट, इतक्या ग्रेनची गोळी. दुनाळी रायफलीत हा आकडा फार मोलाचा. दोन नळ्या समांतर जोडल्या तर दोन्ही गोळ्या एका जागी लागत नाहीत. म्हणून कारागीर प्रत्यक्ष गोळ्या झाडून, नळ्यांच्या तोंडाशी बसवलेली पाचर मागेपुढे करून, ठराविक अंतरावर दोन्ही निशाणे जुळवतो आणि मग नळ्या कायमच्या जोडतो. हे जुळणे एका विशिष्ट काडतुसाचे असते. दारू बदलली की जुळणी बिघडते. कॉर्डाइट ही दारू उन्हात जास्त जोर करते, म्हणून हिंदुस्थानसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे निघत. मे महिन्यात, जिथे सावलीतही पारा पंचेचाळिशी गाठतो अशा झाशीत, लंडनच्या थंडीसाठी भरलेले काडतूस उडवणे धोक्याचे होते.

मग अवस्था. पहिली नजर स्क्रूंवर. उत्तम इंग्रजी कारागिरीत सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेने, एका रेषेत असतात. एखादी खाच तिरकी, कडा चेपलेल्या दिसल्या की समजावे, कोणीतरी चुकीचा पेचकस घेऊन आत शिरले होते. दुसरी नजर रंगावर. जुन्या पोलादाचा मूळ निळसर-काळा रंग धरण्याच्या जागी झिजलेला असतो आणि ते चालते. सगळी रायफल चकाकत असेल, पण नक्षीच्या रेघा बोथट झाल्या असतील, तर कोणी ती घासून पुन्हा रंगवली आहे. घरच्यांना वाटते, चकचकीत केली म्हणजे भाव वाढला. संग्राहकाच्या लेखी तिथेच तो घसरतो. तिसरी नजर क्रमांकांवर. सांगाडा, नळ्या आणि पुढचा लाकडी तुकडा, तिन्हींवर एकच क्रमांक हवा.

शेवटी नळीच्या आत. इथे हिंदुस्थानी रायफली बहुधा मार खातात. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते नळीत बसते, हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाते. तेलात हे मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळते. जाणते शिकारी संध्याकाळी तळावर परतल्यावर नळीतून उकळते पाणी ओतत, कोरडी करत आणि मगच तेल लावत. ज्यांनी नुसता तेलाचा बोळा फिरवला त्यांच्या नळ्यांतले पीळदार आटे पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यांनी भरले. बाहेरून देखण्या कितीतरी रायफली उजेडासमोर धरल्या की आत देवीच्या व्रणांसारख्या दिसतात.

नावाचा, आणि माणसाचा भाव

लंडनच्या मोठ्या पेढ्यांनी विक्रीच्या वह्या जपल्या आहेत. क्रमांक कळवला तर अनेकदा ती रायफल कधी पुरी झाली, कोणी मागवली, कोणत्या मापाची होती हे सांगणारे पत्र शुल्क भरून मिळते. वहीतली नोंद आणि हातातली रायफल जुळली की शंका संपते. नळी नंतर बदलली असेल तर तेही उघड होते. मूळ ओक-चामड्याची पेटी असेल तर तिच्या झाकणाच्या आत चिकटवलेला कागद पाहावा. त्यावरच्या पत्त्यावरून काळ ताडता येतो. हॉलंड अँड हॉलंडचा पत्ता ‘९८, न्यू बाँड स्ट्रीट’ असेल तर पेटी १९६० च्या आधीची.

याहून मोठा भाव माणसाचा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत नेलेली फॉक्स कंपनीची दुनाळी बंदूक २०१० मध्ये लिलावात ८,६२,५०० डॉलरना गेली. तिच्यातले लाकूड-लोखंड एवढ्या मोलाचे नव्हते. किंमत रूझवेल्ट यांच्या हाताची होती आणि तो हात कागदपत्रांनी सिद्ध होत होता. आपल्या बाजूचे उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर तसे कोरलेले आहे. कॉर्बेट यांच्यामागे ती त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. २०१५ मध्ये ती रिग्बीनेच परत मिळवली आणि पुढच्या वर्षी कुमाऊंमध्ये फिरवून आणली. झाशी तेव्हा त्याच संयुक्त प्रांतात होती.

पेढीच्या नावालाही इतिहासाचा असाच भाव येऊ शकतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. त्या पेढीचे नाव असलेल्या साध्या बंदुकीकडेही मग माणूस दोनदा पाहतो.

म्हणून घरातले जुने कागद रद्दीत घालू नयेत. इंग्रज कलेक्टरच्या शिक्क्याची परवान्याची वही, पेढीचे बिल, शिकारीची रोजनिशी, हाच दस्ता स्पष्ट दिसणारा एखादा फोटो यांनी रायफलीची ओळख पटते. ‘ही अमक्या महाराजांची’ ही घरातली कथा कागदाशिवाय कथाच राहते. वाघाच्या कातड्याचे किंवा डोक्याचे मात्र वेगळे. ते रायफलीसोबत विकता येत नाही. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

झाशीचा हिशेब

एवढे सगळे जमले, मूळ नळ्या, जुळणारे क्रमांक, लंडनचे पत्र, पेटी, तरी सदर बाजारातला भाव वेगळ्याच वाटेने ठरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. परवाना आता मुख्यतः स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा नेमबाजी यांसाठी मिळतो. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार परवाने होते आणि त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. बुंदेलखंड आणि चंबळच्या पट्ट्यात खांद्यावरची बंदूक ही पत आहे. लग्नाच्या वरातीपासून जमिनीच्या तंट्यापर्यंत ती दिसते. झाशीशेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्यांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केले होते. यावरून त्या कागदाची ओढ समजते.

अशा गिऱ्हाइकाला चालणारे हत्यार हवे असते. .४६५ दुनाळीची काडतुसे बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने १९६० च्या दशकानंतर ती बनवणे थांबवले. पुढे परदेशात ती पुन्हा निघू लागली, पण इथल्या माणसाच्या हातात येणे दुरापास्त. ऐंशीच्या दशकापासून हत्यारांची व्यापारी आयात बंद आहे. त्यामुळे देशात आहे तेवढाच विलायती माल फिरतो आणि चालत्या बोरच्या चांगल्या विलायती हत्याराला इथे परदेशापेक्षाही चढा भाव येतो. पण काडतूस नसलेल्या बोरला या टंचाईचा फायदा मिळत नाही.

.३०३ चे दुखणे त्याहून मोठे. बीएसएची देखणी ली-स्पीड शिकारी रायफल .३०३ ची असेल तर ती ‘प्रतिबंधित बोर’ ठरते, तिचा परवाना केंद्र सरकारच्या हाती आणि गिऱ्हाईक जवळजवळ शून्य. तिचीच .३१५ ची बहीण शेजारच्या कपाटातून सहज विकली जाते.

यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने भर घातली. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली आणि वारसाने आलेले हत्यारही त्या दोनातच मोजायचे. तिसरे एका वर्षात ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे होते. ज्यांच्याकडे एक पिस्तूल, एक चालती रायफल आणि आजोबांची दुनाळी होती त्यांनी काय सोडले असेल, हे सांगायला नको. विकणारे वाढले, घेणारे तेवढेच राहिले. त्याशिवाय निवडणूक आली की हत्यारे जमा होतात आणि मालखान्यात कोणी नळीला तेल लावत नाही.

विकायची तर

घरातला परवानाधारक वारला की हत्याराची मालकी वारसाकडे येते, बाळगण्याचा हक्क येत नाही. ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. विक्रेत्याकडे भाडे पडते, पण देखभालीची शक्यता जास्त. परवान्याशिवाय रायफल घरात ठेवली तर २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे, प्रतिबंधित बोर असेल तर सात वर्षांपासून पुढे. ‘आजोबांची आठवण’ हा बचाव चालत नाही. वडील हयात असतील तर सोपी वाट आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले की त्याला आपल्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. झाशीत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीचा एकमेव क्रमांक असल्याची खात्री करावी. तो नसेल तर परवाना वैध धरला जात नाही.

विकताना परवानाधारकाने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचे आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचे. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या हत्याराचा परवाना आणि दोनाच्या मर्यादेत जागा हवी. दोघांच्याही परवान्यांवर नोंद झाली पाहिजे. अधिकृत विक्रेत्यामार्फत व्यवहार केला तर या बाबी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. भाव मात्र दोन-तीन ठिकाणी विचारावा, कारण विक्रेता चालत्या बोरचा हिशेब करतो, लंडनच्या पत्राचा करेलच असे नाही.

तिसरी वाट २०२० च्या नियमदुरुस्तीने उघडली. पन्नास वर्षांहून जुनी आणि दुर्मीळपणामुळे किंवा ऐतिहासिक व्यक्ती-घटनेशी असलेल्या संबंधामुळे मोल आलेली लहान शस्त्रे ‘क्युरिओ’ म्हणून परवान्याशिवाय बाळगता येतील, अशी तरतूद झाली. वापरायला किंवा नेण्या-आणण्याला परवाना लागतोच, आणि त्यावर नोंद नसेल तर काडतुसे मिळत नाहीत. आपले हत्यार या व्याख्येत बसते असे परस्पर ठरवू नये, परवाना कार्यालयाकडून लेखी घ्यावे. काडतूस नसलेल्या दुनाळीसाठी ही वाट सर्वांत अर्थपूर्ण आहे, कारण तिचा खरा गिऱ्हाईक गोळी झाडणारा नसून संग्राहक आहे.

परदेशी लिलावाचा मोह पडतो, पण त्या दाराला दोन कुलुपे आहेत. शस्त्र निर्यातीला सरकारी परवाना लागतो. आणि शंभर वर्षे पुरी झालेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली आली की खासगी माणसाला ती देशाबाहेर विकता येत नाही. शिकारी रायफलींचा सुवर्णकाळ १९०० ते १९१४ चा मानतात. तो सगळा माल शंभरी ओलांडून गेला आहे. राहता राहिले संग्रहालय. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये छत्रपतींची शिकारीची हत्यारे लोक तिकीट काढून पाहतात. सरकारी किंवा विश्वस्त संग्रहालयाला देणगी दिली तर पैसे मिळणार नाहीत, पण परवान्याची कटकट पुढच्या पिढीवर पडत नाही आणि रायफलीची कागदपत्रे तिच्यासोबत राहतात.

या सगळ्याचा व्यवहारी अर्थ असा. पेटी उघडल्यावर आधी परवाना पाहावा, मग बोर, मग काडतूस, आणि कारागिराचे नाव शेवटी. संग्राहकाचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. कोणत्या क्रमाने पाहणारा माणूस आपल्या रायफलीला गिऱ्हाईक म्हणून मिळणार, हे ओळखले की सदर बाजारात पाय ठेवण्याआधीच निम्मा भाव ठरलेला असतो.